चित्रात नसलेला वैद्य

सुमित्राला रक्त बघवत नाही. बोट कापलं तरी ती तोंड फिरवून हात नळाखाली धरते. अशी बाई एकतीस वर्षं हॉस्पिटलात नोकरी करून निवृत्त झाली, कारण तिचं काम तळघरातल्या रेकॉर्ड विभागात होतं. रुग्णांच्या फायली लावायच्या, मागितल्या की काढून द्यायच्या. पण आपल्या लोकांना ‘हॉस्पिटल’ एवढा एक शब्द पुरतो. इथे अमेरिकेत, मॉरिसव्हिलमधल्या कुठल्याही मराठी घरात कुणाला ताप आला की पहिला फोन सुमित्राकाकूंना. “टायलेनॉल द्या, पाणी पाजा आणि डॉक्टरला विचारा,” असं ती सांगायची. तिन्ही सल्ले बरोबर असल्यामुळे गैरसमज टिकून राहिला.

मी तिला नागपूरपासून ओळखते. एम.ए.ला इतिहास घेऊन आम्ही दोघी एका बाकावर बसलो. पुढे लग्नानं दोघींनाही अमेरिकेत आणलं आणि इतिहास माळ्यावर गेला. निवृत्त झाल्यावर सुमित्रानं तो खाली काढला. इथल्या एका छोट्या कलासंग्रहालयात ती आठवड्यातून दोन दिवस विनामोबदला गाइडचं काम करू लागली. कडक इस्त्रीची सुती साडी, पायात स्नीकर्स आणि हातात टिपणांची कार्डं. नवऱ्यापुढे आवाज न चढवणारी ही बाई तिथे चाळीस माणसांना गप्प बसवायची.

नवरा म्हणजे उल्हास. टेलिफोन कंपनीतला निवृत्त इंजिनिअर, हुशार, प्रेमळ आणि अत्यंत कटकट्या. २००४च्या ऑक्टोबरात तो जेवणाच्या टेबलावरून उठला आणि कोसळला. हृदय बंद पडलं होतं. ॲम्ब्युलन्स येईपर्यंत कुणीतरी छातीवर दाब देत राहिलं, म्हणून जगला. हॉस्पिटलात भेटायला आलेल्यांपैकी कुणीतरी म्हणालं, “काकू घरात होत्या म्हणून!” दुसऱ्यानं मान डोलावली. सुमित्रा गप्प राहिली. आठवड्याभरात ती इथल्या मराठी मंडळाची सावित्री झाली.

उल्हासनं तर ही गोष्ट उराशीच धरली. आजारपणानंतर त्याची ड्रायव्हिंग बंद झालं, जिने चढणं बंद झालं, पण पाहुणा आला की तो ताठ बसायचा. “यमाच्या हातातून ओढून आणलंय हिनं मला. अकरा मिनिटं! ही काडीसारखी बाई बघताय ना? हिनं!” सुमित्रा चहा करायला आत जायची. मला वाटायचं, संकोच. मीही मूर्खच.

२००६च्या मे महिन्यात संग्रहालयात जुन्या छापील चित्रांचं प्रदर्शन लागलं. विषय होता इंग्लंडच्या मध्ययुगीन राण्या. त्यात एलिनॉर नावाच्या राणीची चार चित्रं होती. तिचा नवरा एडवर्ड, पुढे राजा झालेला, धर्मयुद्धावर गेला असताना त्याच्यावर विषारी सुऱ्यानं हल्ला झाला आणि राणीनं त्याच्या दंडाला तोंड लावून विष चोखून काढलं, अशी कथा. सहाशे वर्षांनंतरच्या चित्रकारांना ती फार आवडली. एका चित्रात राणीचे केस गुडघ्यापर्यंत मोकळे, एकात तंबूत फुलं, एकात तिच्या डोक्यावर मुकुट. नवऱ्याचा जीव जातोय आणि बाई मुकुट घालून बसली आहे! एके दिवशी मी सुमित्राच्या गटाबरोबर फिरत होते. सुमित्रानं गोष्ट छान रंगवली आणि मग शांतपणे सांगितलं, “हे घडलेलं दिसत नाही. जुन्या बखरीत एवढंच आहे की वैद्यानं सडलेलं मांस कापून काढलं. राणी रडत होती, म्हणून तिला त्याआधी बाहेर नेलं.”

गटात बेसबॉल टोपी घातलेला एक म्हातारा होता. त्यानं चारही चित्रांसमोरून एक फेरी मारली.

“मग डॉक्टर कुठेय?” त्यानं विचारलं.

सुमित्रानं चित्रांकडे बघितलं. दासी होत्या, कुत्रा होता, भाले घेतलेले शिपाई होते. वैद्य एकाही चित्रात नव्हता.

“काढलेलाच नाही,” ती म्हणाली आणि तिच्या हातातली कार्डं खाली पडली.

परत येताना गाडीत तिनं मला सगळं सांगितलं. उल्हास पडला तेव्हा तिनं किंकाळी फोडली. ती ऐकून शेजारची मिसेस हॉकिन्स उघड्या गॅरेजातून धावत आली. स्कूलबस चालवून निवृत्त झालेली सत्तरीची कृष्णवर्णीय बाई. तिनं ९११ला फोन लावला, उल्हासला जमिनीवर सरळ केलं आणि दाब द्यायला लागली. अकरा मिनिटं. सुमित्रा कपडे धुण्याच्या खोलीत कानांवर हात ठेवून बसली होती.

“दोन वर्षं?” मी म्हटलं. “दोन वर्षं तू हे पोटात ठेवलंस?”

“आधी त्राण नव्हतं गं. मग मंडळाच्या स्मरणिकेत छापून आलं. मग ह्यांनी...” ती थांबली. “ह्यांच्याकडे आता तेवढीच एक फुशारकी उरलीय, लता. ती कशी काढून घेऊ?”

“आणि तो तिच्याविरुद्ध पत्रं लिहितो ते?”

हे खरं दुखणं होतं. मिसेस हॉकिन्सच्या दारात स्वीटगमचं मोठं झाड आहे. त्याचे काटेरी गोळे उल्हासच्या हिरवळीवर पडतात. उल्हासनं वसाहतीच्या कमिटीकडे तिच्याविरुद्ध तीन तक्रारी पाठवल्या होत्या, आणि तिन्ही सुमित्रानं टाइप करून दिल्या होत्या.

“सांगून टाक,” मी म्हटलं. मला दुसरा सल्ला येत नाही.

तिनं तेव्हाही सांगितलं नसतं. पण त्याच आठवड्यात मंडळाची अध्यक्ष ज्ञानदा हिचा फोन आला. वटपौर्णिमेचा कार्यक्रम शाळेच्या हॉलमध्ये ठेवला होता. नर्सरीतून कुंडीतलं फायकस आणून त्याला वड म्हणायचं, सूत गुंडाळायचं आणि मग समोसे. यंदा सुमित्राकाकूंचा सत्कार. “काकू, तुम्ही फक्त पाच मिनिटं बोला, कसं केलंत ते. यंग मुलींना इन्स्पायरिंग होईल!”

फोन ठेवून सुमित्रानं मला फोन केला. “गुरुवारी ह्यांना चित्रं दाखवायला नेऊ या. घरी मला तोंड उघडता येणार नाही.”

गुरुवारी मी दोघांना घेऊन गेले. उल्हास मुकुटवाल्या चित्रापुढे काठी टेकून उभा राहिला आणि खूश झाला.

“अगं, ही तर आपलीच गोष्ट! लता, बघ बघ. फक्त हिला मुकुट नाही.”

“अहो, ही गोष्ट खोटी आहे,” सुमित्रा म्हणाली.

“असू दे. चित्र झकास आहे.”

“आपलीही.”

मग तिनं सांगितलं. कार्डांशिवाय, एकाही शब्दाला मुलामा न देता. कपडे धुण्याच्या खोलीसकट. मी बाकावर बसून जमिनीकडे बघत होते. उल्हासनं मध्ये एकदाच विचारलं, “तू मला हातही लावला नाहीस?”

“नाही.”

“आणि ती पत्रं? टाइप करताना काही वाटलं नाही?”

“वाटलं.”

“मग?”

“तुम्ही मला सावित्री म्हणत होतात. मला ते आवडायला लागलं होतं.”

तो चित्राकडे पाठ करून निघाला. मग लिफ्टकडे न जाता जिन्यानं उतरला. जिना त्याला वर्ज्य आहे. आम्ही दोघी मागे धावलो.

मी त्यांना घरी घेऊन निघाले. त्यांच्या घराशी वळणार तेवढ्यात तो म्हणाला, “तिच्याकडे थांबव.”

मिसेस हॉकिन्स व्हरांड्यात कुंड्यांत माती भरत होती. उल्हासला बघून तिनं हातमोजे काढले. “त्या काटेरी गोळ्यांबद्दल असेल तर माणसाला बोलावलंय. झाड पुढच्या महिन्यात तोडतोय.”

 उल्हास सुमित्राकडे वळला. “तू सांग. मी शुद्धीवर नव्हतो.”

सुमित्रानं त्याच दिवशी दुसऱ्यांदा तेच सांगितलं, आता इंग्रजीत. मिसेस हॉकिन्सनं ऐकून घेतलं.

“म्हणजे तुम्हाला माहीतच नव्हतं?” तिनं उल्हासला विचारलं. “मला वाटलं, माहीत आहे आणि तरी पत्रं पाठवताय.”

तो पायरीवर बसला. पडतोय की काय म्हणून मी पुढे झाले, पण तो नुसता बसला होता. मिसेस हॉकिन्स आतून पाण्याचा ग्लास घेऊन आली. “डॉक्टर चालायला सांगतात का रोज?” तिनं विचारलं. त्यानं मान हलवली. “मग चालता का?” त्यानं पुन्हा मान हलवली, यावेळी आडवी. “म्हणजे अकरा मिनिटं मी उगाच दमले,” ती म्हणाली. उल्हास तोंड झाकून रडायला लागला. सुमित्रा या वेळी कुठे गेली नाही. ती त्याची काठी धरून उभी राहिली.

ज्ञानदाला तिनं त्याच संध्याकाळी फोन केला. “पण काकू, ट्रॉफीवर नाव कोरून झालंय!” ती पोरगी कळवळली. मग म्हणाली, “त्या आँटींना बोलवू या का? त्यांनाच सावित्री...”

“त्यांना विचार आधी,” सुमित्रा म्हणाली. मिसेस हॉकिन्सनं स्वच्छ नकार दिला. तिला त्या दिवशी चर्चमध्ये मासे तळायचे होते.

मंडळात अर्थात कुजबुज झाली. काहींना सुमित्रानं फसवलं असं वाटलं, आणि त्यात तथ्य आहे. तापाचे फोन बंद झाले. उल्हासनं तिच्याशी नऊ दिवस अबोला धरला आणि दहाव्या दिवशी आमटीत मीठ कमी आहे म्हणून जोरदार भांडला. तिनंही आवाज चढवला, संग्रहालयातला. तेव्हापासून त्या घरात आठवड्यातून दोनदा तरी खडाजंगी होते. मी गेले तर माझ्यासमोरही.

मी तिला म्हटलं, “काय हे, म्हातारपणी!”

“बरं वाटतं गं,” सुमित्रा म्हणाली. “दोन वर्षं भांडायचीही सोय नव्हती.”