आबांचा उजवा खांदा

"अंगावरून वारं गेलंय," डॉक्टर म्हणाले. मग माझ्या तोंडाकडे बघून त्यांनी इंग्रजी शब्द सांगितला, हेमिप्लेजिया. मेंदूत एखाद्या जागी रक्त पोचेनासं झालं की शरीराची एक बाजू लुळी पडते, असा त्याचा अर्थ. माझ्या वडिलांची, आबांची, उजवी बाजू गेली होती. वाचाही गेली होती. त्यालाही नाव होतं, अफेझिया. "त्यांना ऐकू येतं, कळतं, फक्त शब्द जुळत नाहीत. ते खोलीत नसल्यासारखं त्यांच्यासमोर बोलू नका," एवढं सांगून डॉक्टर पुढच्या खाटेकडे वळले.

ही पन्नास सालानंतरच्या पहिल्या काही वर्षांतली गोष्ट. कोल्हापुरात तेव्हा पेठेपेठेत तालीम होती आणि आमच्या तालमीचे आबा वस्ताद होते. कुस्तीच्या हौद्यातल्या तांबड्या मातीत तेल, ताक, हळद मिसळलेली असायची. तो वास आबांच्या अंगाला कायम असे. सकाळची मेहनत झाली की आम्ही दूधकट्ट्यावर जायचो. तिथे म्हशी उभ्याच असत. धार थेट पेल्यात पडायची आणि आबा एका दमात पेला रिकामा करून मिशीवरचा फेस पुसायचे. आजही कुठे फेसाळ दूध दिसलं की मला ती मिशी आठवते.

त्या सकाळी ते हौद्याच्या कडेला उभे राहून एका पोराला शिवी देत होते. शिवी मध्येच थांबली. पोरं उरलेली अर्धी ऐकायला तशीच उभी राहिली. मग हातातली काठी पडली आणि दिसलं, की तोंड एका बाजूला ओढलं गेलंय. टांग्यात घालून आम्ही त्यांना सरकारी दवाखान्यात नेलं.

दवाखान्याच्या लांब व्हरांड्यात आई आणि मी बसून असायचो. तिथल्या सिस्टरनी आईला सगळं शिकवलं. तुमच्या घरात अशी वेळ आली तर उपयोगी पडेल, म्हणून ते इथे सांगतो. माणसाला एकाच कुशीवर फार वेळ ठेवू नये. पाठ रोज उजेडात बघावी. कुठे लाल दिसलं तर त्या जागेवर भार येऊ देऊ नये, नाहीतर बेड सोर होतो, म्हणजे कातडी कुजून जखम पडते. पाणी पाजताना नीट बसवावं आणि घोट गिळल्याशिवाय दुसरा देऊ नये. लुळ्या बाजूच्या गालात घास अडकून राहतो, तो जेवणानंतर बोटानं काढावा. सदरा घालताना आधी लुळा हात, काढताना तो शेवटी.

हाताबद्दल मात्र डॉक्टरांनी मलाच जवळ बोलावलं. "पैलवान, ह्या खांद्याचे स्नायू झोपलेत. हाड खोबणीत धरून ठेवायला कुणी नाही. हात ओढायचा नाही, हाताला धरून उठवायचं नाही. खाली उशी ठेवा आणि बाळासारखा सांभाळा."

मी मान हलवली आणि मनात हसलो. खांद्याबद्दल वस्तादाच्या पोराला कोण शिकवणार, असं मला वाटलं. कुस्तीत निखळलेले कितीतरी खांदे आबांनी बसवले होते. मनगट धरायचं, काखेत टाच लावायची आणि संथ ओढ द्यायची. मेहनतीनंतर दंड भरून आले की ते आमचे हातही असेच ओढून मोकळे करायचे. ती कला त्यांनी मला शिकवली होती.

आबा घरी आले. आईच्या आधारानं खाटेच्या कडेला बसू लागले, मग क्षणभर उभे राहू लागले. तालमीतली पोरं येऊन बसायची. एकजण म्हणाला, "वस्ताद, लौकर या की. शिव्या न्हाईत तर जोर निघंना झालाय." आबांच्या तोंडाची चांगली बाजू हसली. पुन्हा हौद्यापर्यंत चालत जायचं, एवढंच त्यांच्या मनात होतं. ते सारखे दाराकडे बोट दाखवायचे.

एके दुपारी आई नदीवर धुणं घेऊन गेली होती. मी आबांना तेल लावायला बसलो. तो हात हातात घेतला आणि मला राहवेना. एकदा मोकळा केला की जीव येईल, असं वाटलं. मी टाच लावली आणि ओढलं. आबांनी डाव्या हातानं माझं मनगट घट्ट धरलं. तालमीत जोर लावताना ते असंच मनगट धरायचे, "लाव" म्हणून. मी आणखी ओढलं.

त्यांच्या घशातून जो आवाज आला तो मी आधी कधी ऐकला नव्हता. मी हात सोडला, अंग पुसलं, सदरा घातला. खांद्याखाली बोट जाईल एवढा खड्डा पडला होता. सदऱ्यानं तो झाकला गेला.

दुसऱ्या दिवशी आईनं त्यांना न्हाणीत उठवताना आधार दिला आणि आबा कळवळले. सदरा काढला तर खांदा सुजलेला. पुन्हा दवाखाना. डॉक्टर म्हणाले, सबलक्सेशन, म्हणजे हाड खोबणीतून अर्धवट निसटलंय. "हात कुणी ओढला?"

माझे धाकटे काका बरोबर होते. ते म्हणाले, "वैनी, न्हाणीत तुम्हीच उचललं न्हवं? तरी सांगत होतो, बाईमाणसाचं काम न्हाय."

"व्हय," आई म्हणाली. "माझ्याच हातनं झालं असंल."

मी खिडकीतून बाहेर उभे असलेले टांगे बघत होतो. बोलायला वेळ भरपूर होता.

आबांचा हात झोळीत बांधला गेला. उभं राहणं बंद पडलं, कारण जरा हललं तरी कळ मस्तकात जायची. आणि आईनं त्यांना उचलणं सोडलं. भरवायची, पुसायची, पण उठवायची वेळ आली की शेजारच्या बापूला हाक मारायची. आबा डावा हात पुढं करायचे, ती मागं सरायची. "नको, माझ्या हाताचा भरवसा न्हाय," म्हणायची. कधी आबा माझ्याकडे बोट करायचे, मग खांद्याकडे. आई म्हणायची, "बघ, तुला तेल लावायला सांगत्यात." मी तेलाची वाटी आणायचो. आबा डोळे मिटून घ्यायचे.

एका संध्याकाळी ती त्यांना तांदळाची पातळ कण्हेरी भरवत होती. आबांनी तिचं मनगट धरलं, वाटी बाजूला सारली आणि तिचा हात ओढून आपल्या दुखऱ्या खांद्यावर ठेवला. ती काढून घेऊ लागली तर सोडेनात. वरून आपला तळवा दाबून धरला. हे सगळं करताना ते माझ्याकडे बघत होते. त्या नजरेत राग नव्हता. ते वाट बघत होते.

आईला रडू कोसळलं. "माफ केलं बघ मला ह्यांनी," ती म्हणाली.

मी तेव्हाही बोललो नाही.

दुसऱ्या दिवसापासून तिनं बापूला हाक मारणं बंद केलं. हाताला न धरता कमरेमागून आधार द्यायचा, पाय त्यांच्या पायाला टेकवायचा, आणि उठायचा जोर त्यांचा त्यांना लावू द्यायचा. पुढच्या थंडीत आबा डाव्या हातात काठी घेऊन तालमीच्या दारापर्यंत गेले. उजव्या अंगाला आई होती. दाराशी उभं राहून त्यांनी मानेनं हौद्याकडे खूण करून चिमूटभर माती मागितली. एका पोरानं ती त्यांच्या कपाळाला लावली. "वस्ताद, एक शिवी तरी द्या की," तो म्हणाला, आणि तोच रडायला लागला.

आबा त्यानंतर काही वर्षं होते. खांदा कधीच पुरता बरा झाला नाही. आई पुष्कळ जगली. पेठेत कुणाच्या अंगावरून वारं गेलं की ती जायची, त्या घरच्या बायकांना बसवून सांगायची, "हाताला धरून उठवू नको गं. मी मालकांचा खांदा काढला तसं करशील." कितीतरी हात तिनं असे वाचवले, आणि दर वेळी माझं ओझं आपल्या डोक्यावर घेऊन. मी एकदोनदा शेजारी बसून ते ऐकलंय.

आता ऐंशी ओलांडल्यावर मला उठताना आधार लागतो. माझी सून कमरेमागून हात घालते, पाय टेकवते आणि थांबते, मी जोर लावेपर्यंत. हे तिला तिच्या आजेसासूनं शिकवलंय. मागच्या आठवड्यात नातसुनेला दाखवताना ती म्हणाली, "आजींच्या हातून एकदा चूक झाली होती, त्यातून शिकलो आपण हे."

मी दोघींना खाली बसवलं आणि सांगितलं, आईच्या हातून काही झालं नव्हतं. तो हात मी ओढला होता.

सून उठली. तिनं नेहमीसारखा माझ्या कमरेमागे हात घातला आणि म्हणाली, "चला, मामंजी. लावा जोर."