बापाच्या आगारीचा निखारा

अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्याकडे गेलेल्या माणसाच्या नावाने पाण्याची घागर भरतात आणि चुलीतल्या निखाऱ्यावर तूप-पोळीचा घास टाकतात. त्याला आगारी म्हणतात. घास जळून धूर वर गेला, की तो त्या माणसाला पोचला. वडील गेल्यानंतरची ही पहिलीच अखाजी होती आणि आईला एकच घोर लागला होता: निखारा आणायचा कुठून?

कारण चूलच उरली नव्हती. देशाने म्हणे जगाला धूर कमी करायचा शब्द दिलाय, आणि तो पाळायची सुरुवात माझ्या आईपासून झाली. गाव धूरमुक्त ठरलं, घरोघरच्या चुली फोडल्या, वेशीवर पाटी लागली. त्याच आठवड्यात पेपरात आलं, कोळशाच्या नव्या खाणींना मंजुरी. मी पेपर चुरगळून फेकला. आमचं गाव नंदुरबारच्या अलीकडे, रुळाला चिकटून. कोळशाच्या मालगाड्या सुरतेकडे जातच असतात, दोरीवरचे कपडे काळे पडतात. त्या गाड्यांना कुणी पाटी दाखवत नाही.

गॅसच्या शेगडीत निखारा कसला आलाय! आईने अंगणात तीन विटा मांडून गोवऱ्या पेटवल्या. निखारे फुलले, तिने घास हातात घेतला आणि ग्रामसेवक धावत आला. पाटीच्या पाहणीला साहेब वेशीत पोचले होते, सणाच्याच दिवशी.

"मावशी, विझवा हो ते आधी!"

"भाऊ, धूर काय मन्हाच दिखना तुमले? त्या गाडीमा कोयसा जाई ऱ्हायना, तो काय देवघरमा ठेवाले?"

तो ओशाळला. पण ओशाळलेल्या माणसालाही नोकरी असतेच. मी "अहो, थांबा!" म्हणेपर्यंत त्याने बादली ओतली होती. विझलेली आगारी पुन्हा पेटवत नाहीत, असं आई मानते.

साहेब पाटीपुढे फोटो काढून निघून गेले. आई ओल्या राखेपाशी बसून होती. तेवढ्यात मालगाडी धडधडत गेली आणि घागरीवरच्या पांढऱ्या फडक्यावर काळी भुकटी बसली. आईने ती बोटाने पुसली आणि बोट माझ्यापुढे धरलं.

"आते तुन्हा बापले याच कोयसावर आगारी देजो," ती म्हणाली, आणि हातातला घास तिने गाईला घातला.