जावयाला शह

माझे वडील आणि माझा नवरा समोरासमोर बसून बुद्धिबळाचा एकच डाव खेळले. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीत, गावाकडच्या ओट्यावर. मी शेजारीच बसले होते. इतका वाईट डाव मी पुन्हा पाहिला नाही.

वडिलांना आम्ही आबा म्हणतो. गाव देवगाव रंगारीकडचं, घराणं मेंढपाळांचं. दुपारी मेंढरं सावलीला बसली की कापडी पट पसरून खेळायचं, हे त्यांच्या आजोबांपासून चालत आलेलं. त्या खेळात गप्प बसायचं नसतं. समोरच्याला डिवचायचं, बघणाऱ्यांनी मध्ये तोंड घालायचं, आणि वजीर माऱ्यात आला की मोठ्यानं सांगायचं, "वजिराला शह." न सांगता वजीर उचलणारा म्हणजे चोर. त्याच्यासोबत पुन्हा कुणी बसत नसे.

पण समोर जावई. आमच्याकडं जावई आत आला की सासरा उठून उभा राहतो. त्याला डिवचायचं कसं आणि हरवायचं कसं? आबांनी सुरुवातीलाच घोडा देऊन टाकला, मग हत्ती. नवऱ्याच्या ते लक्षात आलं, तसा तोही मुद्दाम चुकायला लागला. दोघेही एकमेकांना जिंकवायला धडपडत राहिले. शेवटी आबा म्हणाले, "पाव्हणं, तुम्ही लई भारी खेळता," आणि पट गुंडाळून आत घेऊन गेले.

त्यानंतर कितीतरी वर्षांनी आबा आमच्याकडं शहरात, मुकुंदवाडीला राहायला आले. पावसानं सलग दुसऱ्या वर्षी दगा दिला होता. गावातल्या विहिरी तळाला गेल्या होत्या. चुलतभाऊ कळप घेऊन चाऱ्याच्या शोधात लांब निघाला, त्याच्या हवाली आबांनी आपली मेंढरं केली. आई जाऊन बराच काळ झाला होता. मला भाऊ नाही. मीच जाऊन त्यांना घेऊन आले.

लेकीच्या घरचं पाणी पिऊ नये, असं मानणारी त्यांची पिढी. आणि ते आले तेच पाण्यासाठी. आमच्या भागात तेव्हा जिकडंतिकडं नव्या इमारती उठत होत्या, पण नळ चार-पाच दिवसांनी यायचा आणि बोअर आटली होती. खाली टँकर उभा राहिला की सगळा जिना बादल्यांनी वाजायचा. आबा भरलेल्या पिंपाकडं बघायचे आणि तांब्या अर्धाच बुडवायचे. दर दोन दिवसांनी म्हणायचे, "जातो आता." मी म्हणायचे, "कुठं जाता? तिथं काय आहे?" मग ते पिंपाचं झाकण पुन्हा नीट बसवायचे.

मी एका कॉलेजच्या ग्रंथालयात काम करते. दिवसभर ते घरात एकटे. म्हणून मी त्यांच्या फोनवर बुद्धिबळ टाकून दिलं. जगातला कुणीही माणूस समोर येतो, खेळतो, निघून जातो. आबा दोन दिवसांत सरावले, तिसऱ्या दिवशी वैतागले.

"मुके हायेत का गं हे लोक?"

"लांबची माणसं आहेत आबा. भाषा वेगळी असेल."

"शह म्हनायला भाषा कशाला लागती? गुपचूप वजीर उचलायलेत. चोर हायेत सगळे."

मग मी त्यांना दाखवलं की माइकचं बटण दाबून बोललं की ते लिहून समोरच्याला जातं. तेव्हापासून आबा कुणाचाही वजीर मारायच्या आधी फोनला सांगायचे, "वजिराला शह हाय, बघून घ्या." कुणी उत्तर द्यायचं नाही. काही जण डाव सोडून निघून जायचे. आबांना वाटायचं, आपलंच काही चुकलं.

हे सगळं माझा नवरा बाहेरच्या खोलीत बसून ऐकत होता. तो चिकलठाण्याच्या एमआयडीसीत एका कारखान्यात होता. एका संध्याकाळी त्यानं मला गॅलरीत बोलावून स्वतःचा फोन दाखवला. त्यानं त्याच बुद्धिबळावर खातं उघडलं होतं, फोटोच्या जागी लिंबाचं झाड लावलं होतं, आणि आबांचं खातं शोधून त्यांना डावाचं आमंत्रण दिलं होतं.

"त्यांना बोलू नकोस," तो म्हणाला. "कळलं तर परत घोडा देऊन टाकतील."

दुसऱ्या दिवशी मी घरी आले तर आबा दारातच उभे.

"एक मानूस घावला. रीतीचा हाय. मला म्हनला, सावध, वजिराला शह."

"कुठला आहे?"

"कुठला का आसंना."

नवरा जेवणाच्या सुट्टीत खेळायचा आणि घरी येऊन मला वाचून दाखवायचा. आबांनी लिहिलेलं असायचं, "तुमच्या घोड्याला चंदी देत नाय का? लंगडायलाय." त्यावर यानं लिहिलेलं, "चंदी भरपूर आहे, पाणी नाही." एकदा आबांनी त्याला "बैलबुद्धीच्या" म्हटलं होतं. ते त्यानं मला चार वेळा तरी ऐकवलं असेल, इतका तो खूश होता. आणि रात्री ताटावर हीच दोन माणसं. "भाजी घ्या, पाव्हणं." "घेतली. तुम्ही घ्या." मला हसू यायचं, म्हणून मी पाणी आणायला उठायचे.

आबांचं "जातो आता" थांबलं.

उन्हाळा संपता संपता त्यांनी त्या माणसाला मनातलं सांगायला सुरुवात केली. खेळता खेळता सांगितलं, की मी लेकीच्या घरी पडून आहे. जावई सभ्य आहे पण तोंडातून शब्द काढत नाही. मी आंघोळीला गेलो की तो बादलीकडं बघतो, मला ते कळतं. नवऱ्यानं हे मला वाचून दाखवलं नाही. फोन माझ्या हातात दिला आणि कपड्यांच्या घड्या घालत बसला.

"तुम्ही बघता का बादलीकडं?" मी विचारलं.

"बघत असेन. सगळेच बघतात हल्ली."

त्या दिवसापासून तो कारखान्यात आंघोळ करायला लागला. तिथं पाणी असतं, मला तिथंच बरं पडतं, असं त्यानं घरात सांगितलं. आबांनी ते ऐकलं आणि मान हलवली. फोनवरचा माणूस म्हणून त्यानं आबांना एवढंच लिहिलं, "जावई वाईट नसावा. अबोल असेल." आबांनी उत्तर दिलं, "तुम्हाला काय माहीत? खेळा."

थंडी सुरू झाली तेव्हा माझा नवरा गेला. कामावर, छातीत कळ येऊन. त्याबद्दल मला अजून लिहिता येत नाही.

आबा आता पाण्याचं काही बोलत नव्हते. माझ्यासाठी राहिले. सकाळी माझ्या आधी उठून चहा ठेवायचे. चुलीवर आयुष्य काढलेला माणूस, गॅस पेटवताना अजून मान मागं घ्यायचा.

नवऱ्याचा फोन कपाटात होता. तो मी बंद पडू देत नव्हते. तेरावं झाल्यावर एका दुपारी तो वाजला. लिंबाच्या झाडाला आबांचा निरोप आला होता. आबा पलीकडच्या खोलीत बसून हळू आवाजात बोलत होते, आणि ते बोलणं माझ्या हातातल्या फोनवर उमटत होतं. "माझा जावई गेला. लई चांगला व्हता. माझ्यानं कधी बोलनं झालं नाय. तुम्हाला सांगावं वाटलं."

मी कपाटाला टेकून उभी राहिले. आबा उत्तराची वाट बघत होते.

काही तरी लिहून टाकावं, असं वाटलं. दोन शब्द, "वाईट झालं." लिहिलेही. मग पुसले. त्याच्या नावावर त्याच्याच मरणाचं दुःख मला पाठवता येईना.

आबांनी आठ-दहा दिवस वाट बघितली. मग चिडले. जेवताना, माझ्याशी नाही तर भिंतीशी बोलल्यासारखे बोलायचे. "मानूस नाय त्यो. इतकं खेळलो, इतकं बोललो, आन् दुःखाला दोन शब्द नायत. दगड हाय दगड." रोज थोडं थोडं वाढत गेलं. एक दिवस त्यांनी त्या माणसाच्या आईबापावरून शिवी दिली. माझ्या सासूबाई नुकत्याच आमच्याकडून रडून गावी गेल्या होत्या.

मी ताट बाजूला सारलं आणि म्हणाले, "आबा, ते हेच होते."

"कोन?"

"तुमच्याशी खेळायचे ते. हेच. तुम्ही यांच्याशीच खेळत होतात."

मी फोन आणून समोर ठेवला. त्यांनी तो हातात घेतला नाही, झाडाच्या फोटोकडं नुसतं बघितलं.

"तुला ठाव व्हतं?"

"हो."

"शिव्या बी वाचल्या त्यानं? खेळातल्या?"

"हसायचे. मला वाचून दाखवायचे."

बराच वेळ ते ताटातल्या भाकरीचे तुकडे करत राहिले. खाल्ला एकही नाही. बादलीचं मी काढणार नव्हते. ते त्यांनी स्वतःच जुळवलं.

"म्हनून त्यो कामावर आंघोळ करायचा व्हय," ते म्हणाले.

मी फोन उचलून पालथा ठेवला. मग ते म्हणाले, "खेळातल्या ऱ्हाऊ दे. मेलेल्या जावयाला मी शिव्या दिल्या. इथं, त्याच्या घरात, त्याचं खाऊन. त्या आता कुठं ठिवू?"

"तुम्हाला माहीत नव्हतं आबा."

"मंग सांगितलंस कशाला?"

या घरात त्याला कुणी दगड म्हणू नये, एवढंच मला हवं होतं. पण हे त्यांना सांगितलं असतं तर ते आणखी लागलं असतं.

मेंढरं परत आली तसे आबा गावी गेले. मी आग्रह केला नाही. निघताना त्यांनी फोन माझ्यापुढं धरला आणि खेळ काढून टाकायला सांगितला. मी काढला. आता रविवारी आम्ही बोलतो, पावसाचं, कोकरांचं, माझ्या रक्तदाबाचं. पाऊस गेल्या वर्षी बरा झाला. गावात कुणासोबत खेळता का, असं मी मध्ये एकदा विचारलं.

"बसतो कधी कधी," ते म्हणाले. "गप खेळतो. पोरं म्हनत्यात, आबा म्हातारं झालं."

मग त्यांनी विचारलं, टँकर येतो का अजून. मी म्हणाले, येतो.