ताईंची मान हलली

दूध उतू गेलं, उरलेलं करपलं, भांड्याचं बूड कोळशासारखं झालं, आणि ताई त्याच ओट्याला टेकून निवांत वर्तमानपत्र वाचत उभ्या होत्या. नवरा जिन्याच्या तळापासून धापा टाकत वर आला. शेगडी बंद करत म्हणाला, "अगं, नाक काय गहाण टाकलंयस कुणाकडे?"

तो हसला. ताई हसल्या नाहीत. त्या भांड्यावर वाकल्या. वाफेचा चटका बसला, डोळ्यांत पाणी आलं, पण वास म्हणून काही आला नाही. मग त्यांनी साबणाची वडी हुंगली, रॉकेलची बाटली हुंगली, शेवटी नवऱ्याचा दिवसभराचा सदरा नाकाशी धरला. भिंत हुंगावी तसं. आठवड्यापूर्वीची सर्दी गेली होती खरी, पण जाताना घरातली चीजवस्तू उचलून नेणाऱ्या पाहुण्यासारखी गेली होती.

दुसऱ्या कुणाचं नाक गेलं असतं तर लोक म्हणाले असते, सुटलीस बाई गटाराच्या वासातून. पण ताईंच्या घरची चूल नाकावर पेटत होती. त्या चहा चाखायच्या. एका कारखान्यात, जिथे खास चहा निवडून डब्यांत भरले जात: पांढऱ्या लवेच्या कळ्यांचे, फुलांत मुरवलेले, लाकडाच्या धुरावर सुकवलेले. सतराव्या वर्षी त्या तिथं देठ निवडायला लागल्या. एकदा चाखायच्या टेबलावरून उष्टे कप नेताना म्हणाल्या, या कपाला साबणाचा वास येतोय. तिथल्या म्हाताऱ्या चाखणाऱ्यांनी वाकून हुंगलं, त्यांना काहीच कळलं नाही. मोरीत चौकशी केली तेव्हा कप धुवायचा साबण बदललेला निघाला. म्हाताऱ्यांनी दुसऱ्या दिवशी पोरीच्या हातात चमचा दिला. त्याला आता सव्वीस वर्षं झाली होती. सव्वीस वर्षांत ताईंनी केसांना वासाचं तेल लावलं नाही, कच्चा कांदा खाल्ला नाही. आणि चहा पिताना त्या असा फुर्रकन आवाज करत की लग्नाआधी नवरा पहिल्यांदा घरी आला तेव्हा त्याला वाटलं, शेजारच्या खोलीत कुणी नळ सोडलाय.

नाकाच्या डॉक्टरीणबाईंनी बत्ती धरून पाहिलं. सर्दीनं आतल्या नसा दुखावल्यात म्हणाल्या. सहा महिन्यांत येईल, वर्षानं येईल, किंवा नाहीही येणार. ताईंनी मान डोलावली आणि जिना उतरताना कठडा घट्ट धरला.

सांगून टाकायचं असं घरून ठरवूनच त्या निघाल्या. पण कारखान्यात त्या दिवशी मालकीणबाई भेटल्या त्या थेट मिठायांच्याच गोष्टी घेऊन. हिरव्या चहाचं चॉकलेट, मोगऱ्याच्या चहाचा केक, धुरकट चहाची टॉफी. अडीच-तीन आठवड्यांनी बाहेरचे व्यापारी चव बघायला येणार. "तुमचं नाक आहे म्हणून मी हे धाडस करतेय हो," असं त्या म्हणाल्या, आणि ताईंच्या तोंडातले शब्द तोंडातच राहिले. दोन दिवस बघू, असं त्यांनी मनाशी म्हटलं. दोनाचे चार झाले, चाराचे एकोणीस.

एकोणीस दिवस काढले कसे, ते ताईंचं त्यांनाच ठाऊक. चाखायच्या टेबलावर बोलायची रीत नाही. पांढऱ्या कपांची रांग, प्रत्येकामागं उलट्या झाकणात भिजलेली पत्ती, बाजूला चाकांची पिकदाणी. दोघं चाखणारे समोरासमोर चालत जातात, एकेक चमचा ओढतात, थुंकतात. माल चांगला तर थोरल्यानं मान हलवायची, धाकट्यानं वहीत बरोबरची खूण करायची. धाकटा म्हणजे काही पोरगा नव्हे. चौतीस वर्षांचा, दोन लेकरांचा बाप, पण टेबलावर दुसरा, म्हणून धाकटा. कडू, तुरट एवढं ताईंच्या जिभेला अजून कळत होतं. रंग डोळ्यांना दिसत होता. पत्तीचा पीळ बोटांना सांगत होता. उरलं वासाचं, तर त्यासाठी ताईंनी धाकट्याचं तोंड वाचायला सुरुवात केली. धाकटा नाक मुरडतो का, भुवई उचलतो का, थुंकायची घाई करतो का. तोंड शांत असलं की ताईंची मान हलायची. जेवणाच्या सुट्टीत त्या संडासात जाऊन भिंतीला कपाळ टेकून उभ्या राहायच्या.

घरी नवरा म्हणे, सांग बाई, मी तुला जेवायला घालीन. ताई म्हणत, जेवणाचं नाही हो. मग कशाचं, ते त्यांना नीट सांगता येत नसे. नाक नसलेल्या ताईंना कारखाना कशासाठी ठेवील, आणि त्या तरी स्वतःला काय म्हणून ओळखतील, या विचारानं तोंडचं पाणी पळायचं.

व्यापारी यायच्या दिवशी सकाळी ताई लवकर गेल्या. मोरीत कप धुणाऱ्या मावशी एकट्याच होत्या, कोपरापर्यंत फेसात. ताईंना बघून हात न थांबवता म्हणाल्या, "ताई, या धुरकट चहाच्या कपांना दाराला मारतात तसल्या रंगाचा वास येतोय. तीनदा घासले."

कधीपासून, असं ताईंनी विचारलं. मावशी म्हणाल्या, आठ दिवसांमागं माल तपासला तेव्हाही होता की, पण तुम्ही पास केलात, मग मी कप धुणारी कोण सांगणार?

ताई तशाच गोदामाकडं गेल्या. धुरकट चहाच्या पेट्या मागच्या खोलीत होत्या. खोलीचं दार नवंकोरं हिरवं चकचकीत, कोपऱ्यात रंगाचे डबे, टर्पेंटाइनची बाटली, सुकत टाकलेली फडकी. चहाइतकी वासाला हावरी वस्तू जगात दुसरी नाही. शेजारी ठेवाल ते पिऊन घेते. गोदामवाल्यानं पेट्या हलवायचा आळस केला होता, आणि तो आळस पकडायलाच तर ताई होत्या. त्या उंबऱ्यात उभ्या राहून श्वास ओढत राहिल्या. काही नाही. विष समोर ठेवलं असतं तरी काही नाही.

धाकटा कोट चढवत येत होता. ताईंनी त्याला बाहीला धरून बाजूला घेतलं. "धुरकट चहाला वास होता. तुला कळला नाही?"

धाकटा गोंधळला. मग खाली बघत म्हणाला, "कळला होता, ताई."

"मग तोंडावर का नाही दिसलं तुझ्या?"

"मी तुमच्याकडं बघत होतो. तुमची मान हलली. म्हटलं, माझंच नाक खोटं बोलतंय."

ताई त्याच्याकडं बघतच राहिल्या. ताई म्हणत याचं तोंड शांत, तो म्हणे यांची मान हलली. एकोणीस दिवस त्या टेबलावर कुणीच चहा चाखला नव्हता. कप मात्र रोज रिकामे होत होते.

धाकटा एवढंच विचारत होता की आता काय करायचं. मग आवाज आणखी उतरवून म्हणाला, धुराच्या वासात रंगाचा वास लपतो, व्यापाऱ्यांना कळायचं नाही, टॉफीत साखर आहे. आज निभावून नेऊ, उद्या पेट्या फेकू. तो वाईट माणूस नव्हता. घाबरलेला होता, आणि ताई त्याहून घाबरल्या होत्या. क्षणभर त्यांना ते बोलणं गोड लागलं. झाकली मूठ. कुणाला कळणार होतं?

पाहुण्यांच्या खोलीत व्यापारी बसले होते. सहाजण, पैकी एका बाईचं पोट सातव्या महिन्याचं असावं. ताटात टॉफी मांडलेल्या, प्रत्येकीवर चहाची एकेक पत्ती चिकटवलेली, देखणी. मालकीणबाईंनी ताईंना बोलावून पुढं केलं आणि सांगितलं की या बाईंची मान हलल्याशिवाय आमच्याकडून एक चिमूट बाहेर जात नाही. पाहुणे कौतुकानं बघू लागले. त्या पोटुशीनं टॉफी उचलली.

"खाऊ नका."

आवाज आपला आहे हे ताईंना नंतर कळलं. सगळ्यांचे हात थांबले. मालकीणबाई हसून काहीतरी सावरायला लागल्या, पण ताई थांबल्या नाहीत, थांबल्या असत्या तर पुन्हा बोलता आलं नसतं. "यातला चहा रंगाच्या डब्यांशेजारी होता. मी पास केला. मला वास येत नाही. एकोणीस दिवस झाले."

मालकीणबाईंनी टॉफी करणाऱ्या कारागिराकडं पाहिलं. तो जमिनीकडं बघत पुटपुटला, वास आला होता, पण ताईंनी पास केलेला माल. मालकीणबाईंनी ताट स्वतः उचललं, पाहुण्यांची माफी मागितली, त्यांना फळं द्यायला सांगितलं. दाराबाहेर आल्यावर त्यांचा चेहरा पिठासारखा झाला होता. तुमचं काय करायचं ते नंतर, असं त्या ताईंना म्हणाल्या. आधी एकोणीस दिवसांत काय काय बाहेर गेलं ते सांगा.

त्रेचाळीस खेपांचा माल. प्रत्येक खेपेचा नमुना फडताळात बरणीत होता. धाकट्यानं त्रेचाळीस कप मांडले, उकळतं पाणी ओतलं, पाच मिनिटांचं वाळूचं घड्याळ उलटं केलं. वाळू संपली तसा तो पहिल्या कपाशी आला, चमचा भरला, आणि सवयीनं त्यानं मान वर करून ताईंकडं पाहिलं.

ताईंनी आपली खुर्ची उचलली आणि भिंतीकडं तोंड करून ठेवली. बसल्या.

"ताई, मला नाही जमायचं," धाकटा म्हणाला.

"मला तरी कुठं जमतंय?" ताई भिंतीला म्हणाल्या. "ओढ."

मागं फुर्रकन आवाज झाला. मग थुंकल्याचा. मग वही उघडल्याचा. ताईंनी पदराचं टोक मुठीत आवळलं होतं. वळून एकदा त्याचं तोंड बघावं असं मानेला वाटत होतं. त्यांनी मान हलू दिली नाही.