पहिला घाणा कुणाच्या हातचा?

आमच्या गावात थंडीत तलावावर जाणारे पुष्कळ आहेत, पण "शेतावर जाते" असं सांगून तलावावर जाणारी डोर्था क्रेनशॉ एकटीच. ती खोटं बोलत नाही. टेनेसी नदीवर धरण झालं तेव्हा तिच्या वडिलांचं शेत पाण्याखाली गेलं. डोर्था जन्मली त्यानंतर. पण वडिलांनी तिला लहानपणी होडीत बसवून कोठार कुठं होतं, कुंपण कुठून जात होतं, विहीर कुठं होती, सगळं पाण्यावरून बोट दाखवत शिकवलं. आजही चर्चचा मनोरा आणि पलीकडच्या काठावरची पाण्याची टाकी यांची रेघ जुळवून ती सांगते, "हं, आता आपण कोठाराच्या दारात."

थंडीत क्रॅपी मासे त्या कोठाराच्या दगडी पायाशी जमतात. ते तिथे टिकावेत म्हणून डोर्था आणि तिचा नवरा हर्शेल दर वर्षी लोकांची नाताळची झाडं जमा करून, त्यांना सिमेंटची वीट बांधून तिथे बुडवत. हर्शेल गेल्यावर त्याच्या जागी, होडीच्या मागच्या बाकावर मोटरीपाशी, मी बसू लागलो. मी धान्याच्या कोठीवर हिशेब बघतो आणि थंडीत तिथे फारसं काम नसतं.

थंड पाण्यातला क्रॅपी पकडणं हा उन्हाळ्यातल्या मासेमारीपेक्षा वेगळाच प्रकार आहे. गारठलेला मासा गळ ओढत नाही. तो खालून सावकाश वर येतो, आमिषाची मासोळी तोंडात धरतो आणि तसाच स्वस्थ राहतो. काठीला धक्का बसत नाही. उलट दोऱ्याला बांधलेलं इवलंसं शिसं त्याने उचललेलं असल्यामुळे बोटाला भार कमी झाल्यासारखा वाटतो. डोर्था त्याला "वजन गेलं" म्हणते. त्या क्षणी काठी नुसती वर उचलायची, हिसका द्यायचा नाही, कारण क्रॅपीचं तोंड कागदासारखं पातळ असतं आणि ते फाटतं. हर्शेलला हे आयुष्यभर जमलं नाही. आमच्याकडे अजूनही कुणी हिसका मारून मासा घालवला की लोक म्हणतात, "अरे, हर्शेल केलास की!" डोर्थाही म्हणते, आणि म्हणताना हसते.

तिला ते जमलं कारण तिची बोटं तशी होती. विजारींच्या कारखान्यात तिने उभी हयात खिसे शिवण्यात घालवली. शिवणीतला एक टाका सुटला असेल तर न बघता, बोट फिरवून सांगायची. कारखाना बंद पडला, यंत्रं परदेशात गेली, पण बोटं तिच्याजवळ राहिली.

गेल्या पानगळीत डोर्था आजारी पडली आणि ती बोटंही गेली. आजार बरा झाला, पण औषधांनी बोटांची टोकं बधिर केली. कोटाचं बटण लागेना, चिमटीत नाणं धरता येईना. डॉक्टर म्हणाले, संवेदना परत येईल किंवा येणारही नाही. "ही माझी बोटं नाहीत लेलँड," ती मला म्हणाली, "कुणीतरी उसनी दिलीत, आणि तीही हातमोजे न काढता."

हे बोलणं नाताळच्या सुमाराचं, आणि जानेवारीच्या शेवटी चर्चचं मासेजेवण.

या जेवणाला बाजारचा मासा चालत नाही. आणि पहिल्या घाण्याचा आमचा एक रिवाज आहे. मोठ्या लोखंडी कढईत पहिला घाणा सोडायच्या आधी कढईवाला मोठ्याने विचारतो, "कुणाच्या हातचे?" ज्याने ते मासे स्वतः पकडलेत त्याने उभं राहून नाव सांगायचं. तो घाणा गावातल्या आजाऱ्यांच्या आणि म्हाताऱ्यांच्या ताटात जातो, आणि पकडणाऱ्याला त्यातला पहिला तुकडा मिळतो. मान एवढाच. पण माझ्या आठवणीत तो मान डोर्थाशिवाय कुणाला गेलेला नाही. कढई रेबर्न स्टबलफील्डची. तो चर्चचा कारभारी, डोर्थाच्या शाळेतला, आणि मासेमारीत कायम दुसरा. दर वर्षी त्यालाच तो प्रश्न विचारावा लागतो आणि दर वर्षी तेच उत्तर ऐकावं लागतं.

जानेवारीत आम्ही होडी काढली. काठाला बर्फाची पातळ साय होती आणि काठीच्या कड्यांत पाणी गोठत होतं. डोर्थाने कोठाराच्या दारात गळ सोडला, झाडांच्या शेंड्यांच्या थोडा वर, कारण क्रॅपी वरचं बघतो, खालचं बघत नाही. मग दोरा बोटावर घेऊन ती नेहमीसारखी डोळे मिटून बसली.

गळ वर आला तो रिकामा. पुन्हा सोडला. पुन्हा रिकामा. मासोळी गायब. कुणीतरी खाली येऊन, जेवून, तोंड पुसून जात होतं आणि तिला पत्ताच लागत नव्हता.

"जागा बदलू या का, डोर्थाबाई?" मी विचारलं.

"जागा बरोबर आहे. मासे आहेत," ती म्हणाली. "मीच नाहीये."

धक्क्यावर रेबर्न आपली होडी गाडीवर चढवत होता. त्याच्या होडीत पाण्याखालचं दाखवणारा पडदा बसवलेला आहे, त्यामुळे डोर्था त्याच्या मासेमारीला 'सिनेमाला जाणं' म्हणते.

"काय गं, रिकामी?" त्याने आमची माशांची पेटी बघून विचारलं.

"तुझा सिनेमा कसा होता?"

"चांगला होता. पेटी भरली." मग तो जवळ आला आणि आवाज खाली आणून म्हणाला, "डोर्था, हे बघ. यातले थोडे तुझ्या पेटीत टाकतो. लेलँड बोलायचा नाही. कुणाला कळणार आहे?"

"मला कळेल."

"अगं, आजारपण झालंय. एका वर्षाने काय बिघडतं?"

"रेबर्न, लहानपणी तू माझ्या पाटीवरची गणितं उतरवायचास. आता मी तुझ्या पेटीतले मासे उतरवून घेऊ? एवढी वाईट वेळ नाही आली. पहिला घाणा हवा असेल तर सरळ घे. उभा राहा आणि स्वतःचं नाव सांग."

"मला तसा नकोय," रेबर्न चिडून म्हणाला. "मला तुला हरवून हवाय."

यावर डोर्था आमच्या गाडीकडे वळली. पण गाडीत बसल्यावर म्हणाली, "मनाने वाईट नाही मेला."

जेवणाच्या आदल्या दिवशी आम्ही पुन्हा निघालो. वारा पडला होता आणि आकाश राखाडी होतं. सकाळ तशीच रिकामी गेली. दुपारकडे मी तिला थर्मासमधली कॉफी ओतून दिली. एका हाताने कप पेलवत नव्हता, म्हणून तिने काठी काखेत दाबली. पण दोरा सुटला असता तर गळ खाली झाडांत अडकला असता. तेव्हा तिने काठीच्या मुठीजवळचा दोरा ओठांत धरला आणि दोन्ही हातांत कप घेऊन ती वाफेवर चेहरा शेकत बसली.

अचानक कप तिच्या हातातून पडला. कॉफी माझ्या बुटांवर.

"म्म्म!" डोर्था म्हणाली.

"भाजलं का?"

"म्म्म्!" तिने डोळे वटारले. मग मी बघितलं, तिचा खांदा सावकाश वर जात होता. अजिबात घाई नाही. काखेतली काठी उचलली गेली, शेंडा वाकला, आणि राखाडी पाण्यातून ताटलीएवढा रुंद, चंदेरी, काळ्या ठिपक्यांचा क्रॅपी वर आला. मी जाळी पुढे केली.

तिने ओठांतला दोरा सोडला. "वजन गेलं," ती म्हणाली. "लेलँड, ओठाला कळलं. इतकं स्पष्ट तर बोटालाही कधी कळलं नव्हतं."

मी दुसरी मासोळी लावून दिली. तिने दोरा खालच्या ओठावर घेतला, डोळे मिटले, आणि ती पूर्वीची डोर्था झाली. तिसऱ्या माशाच्या वेळी आनंदाच्या भरात तिनेच हिसका मारला आणि मासा सुटला. "हर्शेल केला!" ती ओरडली आणि इतकी हसली की होडी डुलली. ओल्या दोऱ्याने ओठ कापला जात होता, थंडीने फुटत होता. मी म्हटलं, आता पुरे. "तू मासोळ्या लाव," ती दोऱ्याच्या आडून पुटपुटली. पेटीचं झाकण मिटेना तेव्हाच आम्ही परत फिरलो.

दुसऱ्या दिवशी चर्चच्या मागच्या दालनात सगळं गाव होतं. पांढरे घेवडे, कोबीची कोशिंबीर, कांदा घातलेले मक्याचे गोळे. मासे साफ करून मक्याच्या पिठात घोळवलेले. तेल तापलं. रेबर्नने झारा कढईच्या काठावर आपटला. त्याला आमच्या पेटीबद्दल काही ठाऊक नव्हतं. परातीतले मासे माझ्या बायकोने आणून ठेवले होते.

"पहिला घाणा!" तो ओरडला. "कुणाच्या हातचे?"

डोर्था उभी राहिली. ओठाला मलम थापलेलं, ओठ सुजलेला. शिवणीतला सुटलेला टाका ती कधी तसाच पुढे ढकलत नसे.

"हातचे नाहीत," ती म्हणाली.

रेबर्नचा चेहरा उतरला. तिने कुणाचे तरी उसने आणले, असं त्याला वाटलं असणार.

"मग कुणाचे, डोर्था?" त्याने हळूच विचारलं.

"माझेच. पण हातचे नाहीत. हातांनी मला दगा दिला. ओठाने पकडलेत." आणि तिने बोटाने ओठाकडे दाखवलं.

आधी कुणाला कळेना. मग मी उभा राहिलो आणि जे बघितलं ते सांगितलं. कॉफीसकट. पाठीमागच्या बाकांवरून हशा उठला, मग टाळ्या.

रेबर्न मात्र हसला नाही. झारा हातात धरून तो तिच्या ओठाकडे बघत होता. "मी पडदा बसवला," तो म्हणाला, "नवी होडी घेतली. आणि ही बाई तोंडाने पकडते."

"सिनेमाला जाणं सोड," डोर्था म्हणाली.

"हरलो," तो म्हणाला. मग वळून त्याने सगळ्या दालनाला ऐकू जाईल असं पुकारलं, "पहिला घाणा, डोर्था क्रेनशॉच्या ओठचा!" आणि मासे तेलात सोडले.

पहिला तुकडा त्याने स्वतः ताटलीत घालून आणला. तिने तो उसन्या बोटांनी कसाबसा उचलला आणि तोंडात घातला. फुटलेल्या ओठाला मीठ झोंबलं. डोळ्यांत पाणी आलं, पण तिने तोंड वाकडं केलं नाही.

"कसा झालाय?" रेबर्नने विचारलं.

"मीठ जास्त आहे," ती म्हणाली. "अजून एक दे."