सुमनकाकूंच्या चाळीस पिना

नवी वस्तू हातात आली की सुमनकाकू ती आधी उलटी करायच्या. मिक्सर असो नाहीतर मोबाईल, खालची बाजू बघितल्याशिवाय त्यांचं समाधान व्हायचं नाही. "वरून सगळंच चकचकीत असतं गं," म्हणायच्या. डोंबिवलीला आमची दारं समोरासमोर होती. कळव्याच्या एका रेडिओ कारखान्यात त्यांनी उमेदीची सगळी वर्षं सोल्डरिंग केलं होतं. कारखाना बंद पडला आणि त्या घरी बसल्या.

दोनेक वर्षांपूर्वी मी हौसेने मायक्रोकंट्रोलरचं एक स्वस्तातलं किट मागवलं. बोटाएवढा हिरवा बोर्ड, पण संगणकावरून सांगू ते काम करणारा. काकूंनी तो अर्थातच उलटा केला आणि चष्म्याजवळ धरला. एकेक सांधा निरखून बघितला.

"सुबक आहे," शेवटी म्हणाल्या, "पण याला कोणाचाच हात लागलेला नाही."

मग त्यांना पुडीतल्या सुट्या पिना दिसल्या. स्वस्त किटात त्या आपणच जोडायच्या असतात. "अगं, हे राहिलंय की," म्हणत त्या घरी गेल्या आणि आपली जुनी सोल्डरिंगची कांडी घेऊन आल्या. चाळीस पिना होत्या. हात थरथरत होता, पण कांडी टेकली की स्थिर व्हायचा. मी घड्याळाकडे बघितलं तर म्हणाल्या, "घाई केली की सांधा कच्चा राहतो."

बोर्ड संगणकाला जोडून मी चार ओळी लिहिल्या. त्यावरचा इवलासा दिवा उघडझाप करू लागला. काकू बघतच राहिल्या.

"आमच्या टेबलावरून माल पुढे जायचा," त्या हळूच म्हणाल्या. "मी जोडलेलं काही चालू झालेलं मी कधी बघितलंच नाही." आणि थोड्या वेळाने, "यातून आवाज निघेल?"

"निघेल की. छोटा स्पीकर लावू. शिकवते तुम्हाला."

बोर्ड मी त्यांनाच दिला. पण तेवढ्यात इमारत पुनर्विकासाला गेली आणि माणसं पांगली. काकू मुलाकडे शहाडला, मी ठाण्याला. पाऊण तासाचा रस्ता. फोनवर दर वेळी मी म्हणायचे, "या रविवारी नक्की येते, काकू."

"ये गं सावकाश. मी कुठे जातेय?"

मी गेले ती त्यांच्या तेराव्याला. सुनेने चहा पुढे केला. मी कोण ते कळल्यावर म्हणाली, "तुम्हीच होय? रविवार आला की आई सकाळीच टेबल रिकामं करून तो हिरवा बोर्ड मांडून ठेवायच्या."