परसातल्या सदाफुल्या

पीएचडीसाठी मी सदाफुली निवडली होती. कॅन्सरची काही औषधं तिच्या पानातल्या अल्कलॉइड नावाच्या रसायनांपासून होतात. झाड मात्र ही रसायनं स्वतःच्या बचावासाठी बनवतं. एरवी ते काम मंद चालतं, कारण काही प्रथिनं ती बनवणारे जीन दाबून ठेवतात. अळीने पान कुरतडलं की झाडभर निरोप फिरतो, दाबणारी प्रथिनं मोडतात आणि जीन जोरात कामाला लागतात. प्रयोगशाळेतल्या लाडावलेल्या रोपांत हे दिसतंच. मला ते उघड्यावरच्या रोपांत मोजायचं होतं. म्हणून २०१६ साली मसोली गावातल्या आमच्या घरामागे साठ रोपं लावली.

घरी बाबा आणि माझी विधवा आत्या. आईमागे तिनेच मला वाढवलं. रोपांना पाणी तीच घालायची.

तगरीवरच्या हिरव्या अळ्या आणून मी अर्ध्या रोपांवर सोडायची आणि मुंबईला कॉलेजात जायची. चार दिवसांनी येऊन पानं तोडायची. अळ्या दिसायच्या नाहीत, एखाददुसरं पान कडेला खाल्लेलं असायचं. पाखरांनी नेल्या असतील, असं मला वाटलं.

हंगाम संपल्यावर निकाल आले. अळ्या सोडलेल्या आणि न सोडलेल्या रोपांमध्ये काहीच फरक नव्हता. घरी येऊन मी आत्याला सहज विचारलं.

"मीच काढत होते रोज सकाळी," ती म्हणाली. "पिशवीत घालून रस्त्यापलीकडे सोडून यायचे. मारली नाही गं एकही. तुझी सगळी पानं खाल्ली असती त्यांनी."

"तुला कळत नाही तर हात कशाला लावतेस? माझं वर्ष गेलं."

बाबा आतून बाहेर आले. आत्या स्वयंपाकघरात गेली. तिने चहा ठेवला, मला दिला, स्वतः घेतला नाही. त्यानंतर ती घरामागे गेली नाही. रोपांना पाणी बाबा घालू लागले.

डिसेंबरात ती तलासरीला दिराच्या मुलीच्या लग्नाला गेली. निघताना "जेवणाचं बघ" एवढंच म्हणाली. परत आली की बोलू, असं मी ठरवलं होतं. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी तिच्या छातीत दुखलं. दवाखान्यात नेताना चारोटीपर्यंत गाडीत बोलत होती म्हणे, पुढे वाटेतच गेली. माझ्याबद्दल काही म्हणाली का, हे मी तिच्या दिराला विचारू शकले नाही.

पुढच्या वर्षी कॉलेजच्या जाळीघरात पुन्हा प्रयोग केला. अळ्यांनी पानं फस्त केली, जीन हवे तसे जागे झाले. आकडे इतके स्वच्छ आले की गाइड खूश झाले. मला बाथरूममध्ये जाऊन रडावं लागलं.

२०१९ मध्ये तोंडी परीक्षा झाली. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, "पहिल्या वर्षाचे आकडे का वगळले?"

"घरच्या माणसाकडून चूक झाली, सर," मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली आणि पान उलटलं.